'आपण' आणि 'तुम्ही'

रविवार, ३० मार्च २०२५

आज पाडवा. सकाळी बाबा गुढीला कडुलिंबाची डहाळी बांधत होते आणि मी तांब्या धरून शेजारी उभी होते. काल माझा फुटबॉल संघ मुंबई सिटी बेंगळुरूकडून हरून इंडियन सुपर लीगमधून बाहेर पडला; रात्रभर मनात घोळणारे वाक्य तोंडातून निघून गेले, "आपण हरलो, बाबा. पाच-शून्य." त्यांनी सुतळीची गाठ आवळली आणि म्हणाले, "तुम्ही हरलात." मग साखरेची गाठी मागितली.

तेव्हापासून तो 'तुम्ही' मनातून जात नाही.

हरण्याचे दुःख आहेच. ११ मार्चला बेंगळुरूच्याच कंठीरवा मैदानावर त्यांना २-० हरवून, ३६ गुणांसह सहावे येऊन आपण प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, गाठली होती. अठरा दिवसांनी त्याच गवतावर पाच गोल खाल्ले आणि पाचवा मारला परेरा डियाझने. गेल्या मे महिन्यात कोलकात्याच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध आपली बरोबरी साधून देणारा हाच डियाझ. त्याने हात वर केले तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि चित्र मात्र तसेच ठेवले.

दुपारी श्रीखंड-पुरीच्या पानावर मामा आणि चुलतभाऊ जुंपले. चुलतभावाचे म्हणणे असे, की करंडक जिंकलेला संघ मालकांनी एका उन्हाळ्यात विस्कटू दिला : डियाझ, नोगेरा आणि आपल्या मुंबईचाच राहुल भेके बेंगळुरूला गेले, अपुइया मोहन बागानला गेला, मग सहाव्या क्रमांकाच्या वर काय मागायचे? मामांचे म्हणणे, मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला नसता तर २०२०-२१ची शील्ड (साखळीत पहिले येण्याची) आणि करंडक, २०२२-२३ची ४६ गुणांची शील्ड आणि गेल्या वर्षीचा करंडक हे दिवस दिसलेच नसते. मला दोघांचेही पटते. आपले कारेलिस आणि फान निफ चांगलेच खेळाडू आहेत, परंतु बचावफळीकडून चेंडू घेऊन मान वर करून पुढे पाहणारा अपुइया गेला, ती जागा वर्षभर रिकामीच राहिली. सहावे आल्यामुळे एकमेव बाद सामना परक्या मैदानावर खेळावा लागला, त्याचे मूळही मला तिथेच दिसते.

मी हे सारे बोलले. बाबा पुरीचा घास मोडत राहिले, एक शब्द बोलले नाहीत.

कामावरून थेट मेट्रोने आझाद नगरला उतरून वर्षानुवर्षे मी अंधेरीच्या स्टँडमध्ये घसा बसेपर्यंत ओरडले, आणि माझ्याच घरात मला एकटीला हरायला लावले, असे वाटून दुपारी डोळे भरून आले. आईच्या वेळीही मी एकटीच... ते असो.

संध्याकाळी कपाट आवरताना आठवले, की २००६ मध्ये मुंबईच्याच महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली तेव्हा बाबा आठवडाभर "आपण चॅम्पियन" म्हणत होते. कूपरेज मैदानावरून येताना माझ्यासाठी ते खारे दाणे आणत आणि पुडीच्या कागदावर पेन्सिलने संघाची रचना काढून दाखवत. २०१० मध्ये मालक कंपनीने तो संघ बंद केला. त्या दिवशी ते काय म्हणाले होते, ते मला शब्दशः आठवते : "त्यांनी बंद केला." चार वर्षांत 'आपण'चे 'ते' झाले होते, आणि मला वाटते, त्यानंतर बाबांनी कोणत्याच संघाला 'आपण' म्हटलेले नाही.

म्हणजे सकाळचा 'तुम्ही' मला हिणवण्यासाठी नसावा. कदाचित तो जपून वापरलेला शब्द असेल. एकदा ज्याला 'आपले' म्हटले ते दुसऱ्याच्या सहीने संपते, हे ज्याने पाहिले आहे त्याला 'आपण' म्हणायला मी लावू शकत नाही, आणि मला 'ते' म्हणता येत नाही. हे असेच राहणार असे आता वाटते, आणि सकाळइतके ते खुपत नाही.

सूर्यास्ताच्या आधी आम्ही दोघांनी गुढी उतरवली. बाबांनी गाठीचे एक पदक मोडून माझ्या हातावर ठेवले आणि विचारले, "त्या अपुइयाच्या जागी कोण खेळला काल?" मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि काठी माळ्यावर ठेवायला निघून गेले.