कोपरा

सोमवार, रात्रीचे पावणेबारा

जजबाईंनी गोधडी पालथी घातली तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

सुलट बाजू त्यांनी ओझरती बघितली. हिरवं इरकल, जांभळी किनार, छान छान म्हणाल्या असाव्यात. मग दोन्ही हातांनी उचलून उलटी केली आणि कडेकडेने बोट फिरवायला लागल्या, सावकाश, टाक्याटाक्यावरून. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापाशी बोट थांबलं. जरा मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. त्यांनी माझ्या सईला काहीतरी विचारलं. सईने काहीतरी उत्तर दिलं. त्यावर बाईंनी मान वर केली, हॉलच्या दुसऱ्या टोकाला घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या आईबापांच्या रांगेतून नेमकं मला हुडकलं आणि हसल्या.

झालं ते एवढंच. इथल्या काउंटी फेअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेत, फोर-एच या मुलांच्या क्लबातर्फे सईची गोधडी मांडली होती; तिच्या परीक्षणातली, सकाळी साडेदहाची गोष्ट. आता मध्यरात्र व्हायला आली आणि मी अजून त्या हसण्याचा अर्थ लावत बसले आहे.

हसू कुत्सित असतं तर बरं झालं असतं, निदान रागावता आलं असतं. पण ते मायेचं होतं. 'अहो, चालायचंच' अशा जातीचं. किंवा तसं मला वाटून घ्यायचं आहे. मधे दोन मोठे पंखे घरघरत होते, शब्द एकही कानावर आला नाही. आईबापांनी टेबलापासून लांब बसायचं, मुलांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, अशी इथली पद्धत. चांगलीच आहे म्हणा.

गाडीत विचारलं, "काय गं म्हणालीस त्यांना?"

"कुणाला?"

"जजबाईंना. कोपरा बघत होत्या तेव्हा."

"काही नाही. माझा गोल सांगितला." आणि बाईसाहेब खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर काय, तर मका. जुलैतल्या आयोवात दुसरं असतं काय.

गोल म्हणजे फॉर्मवरचा. फेअरला वस्तू मांडायची तर सोबत तीन प्रश्नांची उत्तरं जोडावी लागतात: तुझं उद्दिष्ट काय होतं, त्यासाठी काय काय केलंस, महत्त्वाचं काय शिकलीस. मला हे तीन प्रश्न फार आवडले होते. आमच्या हस्तकलेच्या वहीत मास्तर फक्त सही करायचे. सईने पहिल्याखाली लिहिलं, 'माझ्या पणजीसारखी गोधडी हाताने शिवायला शिकणे.' तिसऱ्याखाली लिहिलं, 'कोपरा सगळ्यात अवघड असतो. तिथे घाई करून चालत नाही.'

हे तिने बुधवारी लिहिलं. मी कोपरा उसवला गुरुवारी रात्री.

दोनच ओळी उसवल्या. नाही, चार. आता इथे तरी खरं लिहावं. वळणाशी धावदोरा असा काही वाकडा गेला होता की जांभळ्या काठाला चुणी पडली होती, आणि ती चुणी मला दिवसभर दिसत राहिली, मीटिंगमध्येसुद्धा. ती झोपल्यावर दिव्याखाली बसले, ब्लेडने दोरा कापला, कापड बोटांनी सारखं केलं आणि पुन्हा धावदोरा घातला. पाऊण तास लागला असेल. वाटलं, कुणाला कळणार आहे. वाटलं, तिचंच तर काम आहे, मी नुसता हात लावतेय. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. मजा आली. कित्येक वर्षांनी हातात सुई घेतली होती.

हेच मला सलतंय. फसवणूक वगैरे फार मोठा शब्द झाला. पण ती दहा वर्षांची पोर एप्रिलपासून रोज थोडी थोडी शिवत होती. अंगुस्तान तिच्या बोटात बसत नव्हतं म्हणून आतून कापूस लावला होता. त्यातलं एक वळण मी काढून घेतलं, नेमकं जे तिला सगळ्यात अवघड गेलं होतं तेच.

बाबांनी लिहून दिलेलं भाषण घेऊन मी एकदा तालुक्याला गेले होते. ते आज नको.

लाल रिबन मिळाली. हे आधी लिहायला हवं होतं, पण त्यातही माझी एक फजिती आहे. मी लगेच सईला विचारलं, "लाल म्हणजे दुसरा नंबर ना? मग पहिला कुणाचा?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी साखरेऐवजी मीठ मागितलं असावं. इथे प्रत्येकाची तुलना ठरलेल्या कसोटीशी करतात, एकमेकांशी नाही. उत्तम असेल तर निळी, चांगलं असेल तर लाल, अजून कष्ट हवेत तर पांढरी. सगळ्यांना निळी मिळू शकते, किंवा कुणालाच मिळत नाही असंही होऊ शकतं. या पद्धतीला डॅनिश म्हणतात. निखिलला फोनवर समजावलं तर म्हणाला, म्हणजे डिस्टिंक्शन हुकलं, फर्स्ट क्लास आला. हे मात्र मला ताबडतोब कळलं.

सई खूश होती. रिबन टी-शर्टवरच्या फोर-एचच्या हिरव्या चौपानाच्या शेजारी लावून दिवसभर हिंडली. नाराज मीच. आणि आता इतकं लिहिल्यावर दिसतंय की मी रिबनवरून नाराज नाही, तरी मघाशी सिंक घासताना भांडी आपटली ती रिबनच्या नावाने.

बरं, माझं कुणाला काही दिसतं का? एप्रिलपासून रोज पहाटे साडेपाचला उठून बारा मैलांवर, सईचा बोकड बंड्या ठेवलाय त्या शेतावर कोण जातं? बंड्याची लेंडी बुटांच्या खाचांतून काडीने कोण काढतं? भांड्यांच्या साबणाने बोकडाला अंघोळ घालताना स्वतः कोण भिजतं? गेल्या आठवड्यात कॅमेरा सुरू करून मीटिंगला बसले तर केसात वाळलेल्या गवताची काडी. आई फोनवर म्हणते, "एवढं शिकवलं आणि शेवटी शेळ्या राखायला गेलीस अमेरिकेत." तिला हसून दाखवते, पण लागतं. बोअर जातीचा, पांढरं अंग आणि तपकिरी डोकं असलेला, लोंबत्या कानात टॅग घातलेला ऐंशी पौंडांचा हा जावई मी सांभाळायचा, त्याचं वजन रोज वाढतंय की नाही याचा तक्ता भरला का म्हणून मी मागे लागायचं, आणि एका कोपऱ्याला हात लावला तर परक्या बाईने भर हॉलमध्ये माझ्याकडे बघून हसायचं.

असो. तक्ता सईच भरते, हे खरं आहे. खाद्याचा खर्च, वजन, कुठलं औषध कधी दिलं आणि त्यानंतर किती दिवस थांबायचं, सगळं तिच्या गिचमिड अक्षरात. मी फक्त मागे लागते. तेही न सांगता.

शुक्रवारी बंड्याचा शो. तो पुढे रेटायला लागला की हिने गुडघा त्याच्या छातीला लावून उलट रेटायचं, म्हणजे त्याचे स्नायू ताठ होतात; नजर जजवरून हलवायची नाही, आणि जज कुठेही फिरला तरी बोकड दोघांच्या मधे राहिला पाहिजे. घरी हे सगळं माझ्यावर करून झालंय. जज मी, बोकड निखिल. शनिवारी लिलाव. रविवारी पहाटे ट्रक येतो. सईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मेपासून आमच्याकडे रविवारचं मटण झालेलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं.

कोपऱ्याकडे येते.

संध्याकाळी परीक्षणाचा कागद नीट वाचला. इंग्रजीत दोनच वाक्यं. तुझे टाके सुंदर आहेत. सगळीकडे एकसारखे येतील तिकडे लक्ष दे. संपलं. मी 'युअर' या शब्दापाशी अडकले. त्या 'तुझे'वर जोर आहे का? म्हणजे तुझे ते सुंदर, आणि ते दुसरे कुणाचे ते… कागदावर जोर कसा कळणार! अक्षर तर सगळीकडे सारखंच तिरकं. तीनदा वाचून फ्रीजवर लावला. मग काढला आणि चौथ्यांदा वाचला.

वर्षाच्या सुरुवातीला क्लबलीडर बाईंनी आम्हा नव्या पालकांना बसवून या फोर-एच चळवळीचा इतिहास सांगितला होता. १९०२ साली ओहायोत एका शाळाखात्याच्या माणसाने मुलांचा शेतीक्लब काढला, तिथून सगळं सुरू झालं. विद्यापीठांत नवं बियाणं, नवी पद्धत निघायची, पण मोठे शेतकरी काही केल्या ऐकायचे नाहीत. मुलं मात्र करून बघायची, आणि पोराचा मका आपल्या मक्यापेक्षा उंच वाढलेला दिसला की बापही मुकाट्याने शिकायचा. मी तेव्हा मान डोलावली होती. बिचारे अडाणी बाप, असंच काहीतरी मनात आलं असणार.

रात्री झोपताना सईच्या खोलीत गेले. दिवा मालवायच्या आधी ती म्हणाली, स्वतःहून, मी काही विचारलेलं नसताना:

"आई, तुझा टाका मोठा आहे."

"काय?"

"माझा तांदळाएवढा आहे. तुझा पोह्याएवढा आहे. म्हणून कळतो." आणि कूस बदलली. रागाने वगैरे नाही. झोप आली होती तिला.

मी दारात उभी. कधी बघितलंस, त्यांना काय सांगितलंस, मग शुक्रवारी सकाळी तू काहीच का बोलली नाहीस, असे चार-पाच प्रश्न तोंडाशी आले. एकही विचारला नाही. पंख्याचा वेग कमी करून खाली आले.

मग फोनमधला गोधडीचा फोटो मोठा करून बघितला. उलट बाजूचा. कडेपासून आत आत जाणाऱ्या ओळी, जराशा डगमगत्या, पण टाका टाक्यासारखा. आणि कोपऱ्यात माझ्या चार ओळी. साडेचार. सरळ आहेत, पट्टीने आखल्यासारख्या. आणि टाके खरोखर पोह्याएवढे, तेही जाड्या पोह्यांएवढे. एकीकडे लहान, एकीकडे मोठे. शेवटच्या ओळीत तर मी दोराही दुपदरी घेतलेला दिसतोय, दिव्याखाली कळला नाही.

म्हणजे 'एकसारखे येतील तिकडे लक्ष दे' हे मला होतं.

लाल रिबन माझी! बेचाळिसाव्या वर्षी, आयोवातल्या एका काउंटी फेअरमध्ये, नाव न नोंदवता, शुल्क न भरता, चौथीच्या मुलींच्या गटात मी उतरले आणि फर्स्ट क्लासात आले. हसूच फुटलं एकटीला. माईला, म्हणजे सईच्या पणजीला, सांगायला हवं होतं हे. माईने कोपरा बघून आधी विचारलं असतं, दोरा कुणी निवडला म्हणून, आणि मग माझ्याच हातात सुई देऊन सगळं पुन्हा उसवायला बसवलं असतं. तिचा स्वतःचा टाका कसा होता ते आठवायला गेले तर आठवेना. तिच्या गोधडीखाली इतकी वर्षं झोपले, पण उलटी करून कधी बघितली नाही. भारतात आहे ती, आईच्या कपाटात. उद्या फोन करून फोटो मागवते. आई विचारेल कशाला. सांगेन काहीतरी.

गोधडी आता रविवारपर्यंत हॉलमध्येच राहणार, दोरीवर टांगलेली. सुलट बाजू पुढे असेल अशी आशा आहे.

साडेपाचला उठायचंय. बंड्याची पाण्याची बादली घासायची आहे, फेअरवर नेण्याआधी. सईने ब्रशवर चिठ्ठी चिकटवून ठेवलीय, मराठीत, माझ्यासाठी: 'आई, बादली मी घासणार.' 'मी'खाली दोन रेघा आहेत.