अस्तंभा उतरताना

सकाळी साडेअकराला खाली उतरणाऱ्या एका जथ्यानं पायथ्याच्या आमच्या प्रथमोपचार तंबूत निरोप आणला. वर एक पोरगा बसलाय, पाय टेकत नाही. धनत्रयोदशीच्या यात्रेत असे निरोप दुसऱ्या दिवशी दुपारीच येतात, रात्रीच्या चढणीत क्वचित.

सातपुड्यातला अस्तंभा म्हणजे अश्वत्थाम्याचा मानलेला डोंगर, शिखर सुमारे १,३२५ मीटर. आश्विन वद्य त्रयोदशीला चंद्र उगवतो तो पहाटे, तोही कोरीएवढा. त्यामुळे अख्खी चढण बॅटरीच्या उजेडात, अश्वत्थाम्याचा जयघोष करत, पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवून होते. पाय जपून पडतो. उजाडलं की दक्षिणेला तापीचं खोरं आणि उत्तरेला नर्मदेकडे उतरत गेलेल्या सातपुड्याच्या रांगा एकदम उघड्या होतात. धुळ्या-नंदुरबारची पोरं वर्षानुवर्षं येतात ती श्रद्धेनं, आणि या घटकेसाठीही. त्या वेळी शीण कुणालाच जाणवत नाही. पण मांड्या भरून आलेल्या असतात, झोप नाही, पोटात काही नाही, आणि तशातच उतार लागतो. पावसाळ्यानंतर वाळलेलं गवत उताराच्या दिशेनं आडवं पडलेलं असतं, त्यावरून पाय सटकतो. कातळावरचा सुटा मुरूम तर फरशीवर सांडलेल्या ज्वारीसारखा.

पाऊण तासानं पोचलो तेव्हा पोरगा पळसाखाली बसला होता.

"दादा, पाय उचलास नही."

सोबत्यांनी खांदा देऊन त्याला तासभर चालवत आणलं होतं. चालतोय म्हणजे मोडला नाही, असा त्यांचा हिशोब. तो चूक आहे. घोटा तपासताना आतल्या आणि बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेनं, टोकापासून वर सहा सेंटिमीटर, बोटानं दाबत जायचं. नेमकं हाडावर दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. दोन्हींपैकी एक पुरे. यानं दात आवळून चार पावलं टाकली, पण बाहेरच्या घोट्यामागे बोट टेकताच ओरडला. माझा सहकारी क्रेप बँडेज बांधून चालवायच्या मताचा होता. या घाईचा मला राग येतो.

घडी घातलेली चादर घोट्याखालून दोन्ही बाजूंना वर घेतली, त्यावर चार इंची क्रेप, बोटं उघडी. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परतली पाहिजे. दर थांब्यावर हे पाहायचं.

मग झोळी. तंबूत ॲल्युमिनियमचं स्ट्रेचर होतं, दरवर्षी असतं. दोन फुटी पायवाटेवर ते धरणारे चौघे मावत नाहीत, म्हणून ते तंबूतच राहतं. जवळच्या पाड्यावरून सहा जण मनगटाएवढा जाड, दहा-बारा फुटी बांबू घेऊन आले. जाड चादर दुहेरी करून दोन्ही टोकं बांबूला बांधली. गाठ बसते तिथे कोयत्यानं खाच पाडली, म्हणजे उतारावर ती सरकत नाही. डोकं चढाच्या बाजूला. एका वेळी दोघंच खांदा देतात, दर दहा मिनिटांनी बदलतात. मागच्याला झोळीमुळे पायाखालचं दिसत नाही, म्हणून पुढचा दगड, पायरी, खड्डा सगळं बोलत जातो. मान किंवा पाठ दुखत असेल तर मात्र झोळी नाही, तीत कणा वाकतो. या माणसांना कुणी प्रशिक्षण दिलेलं नाही. घरच्या बाळंतिणीला त्यांनी असंच रस्त्यापर्यंत आणलेलं असतं. अडीच तासांत आम्ही खाली होतो.

तळोद्याला एक्स-रे झाला. बाहेरच्या घोट्याचं हाड मोडलेलं, तुकडे सरकलेले.

ते पडतानाच सरकले की त्या तासभराच्या चालण्यानं, हे आता कुणी सांगू शकणार नाही. मला मात्र तो तास सुटत नाही. पाणी, दिवे, चहा, आमचा तंबू, सगळं चढणाऱ्यांच्या हिशोबानं पायथ्याशी मांडलेलं असतं. सकाळी सहापासून शिखराखालच्या पहिल्या उतारावर दोन माणसं, एक बांबू, एक चादर आणि चार क्रेप असते, तर पोरगा पडला तिथेच बसून राहिला असता.