पाडव्याची कॅसेट

अमेरिकेतल्या आमच्या मंडळाच्या पाडव्याला श्रीखंड एखाद्या वर्षी आंबट व्हायचं, कडुलिंब कधी मिळायचाच नाही, पण जेवणं उरकल्यावर कॅसेट लागली नाही असं कधीच झालं नाही. शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये टीव्हीभोवती खुर्च्या ओढल्या जायच्या, भांडी विसळणारी मंडळी हात पुसत यायची, आणि ४ एप्रिल १९८३ ची रात्र पुन्हा सुरू व्हायची.

मी इचलकरंजीचा. मागांच्या खडखडाटात वाढलो, कबड्डी खेळलो, आणि १९९६ साली टेक्स्टाइल शिकायला रॉलीच्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात आलो. आमच्यात सोलापूरचे, मुंबईचे, असे कापडाच्या धंद्यातून आलेले बरेच जण होते. बास्केटबॉल आमच्यापैकी कोणाच्याच घरचा नव्हता. तो आमच्यात आणला एका काकांनी. १९८३ साली ते इथेच शिकत होते आणि ती कॅसेट त्यांचीच. मंडळात नवा पोरगा आला की काका त्याला शेजारी बसवून घ्यायचे आणि आधी गोष्ट सांगायचे.

त्या मोसमात स्टेटचा, म्हणजे आमच्या विद्यापीठाचा, संघ दहा सामने हरला होता. डेरेक व्हिटनबर्गचा पाय मोडून तो कितीतरी दिवस बाहेर बसला होता. राष्ट्रीय स्पर्धेत शिरायलाच आधी कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांची, स्पर्धा जिंकावी लागली, आणि तिथून एकेक सामना अक्षरशः नखं कुरतडत काढत ही पोरं आल्बुकर्कीला अंतिम सामन्यात पोचली. समोर ह्यूस्टन. पुढे मोठं नाव कमावलेल्या ओलाजुवान आणि ड्रेक्सलर यांचा संघ, सलग २६ सामने जिंकून आलेला. मध्यंतराला स्टेट ३३-२५ ने पुढे होतं. मग ह्यूस्टनने झपाटल्यासारखं खेळून ४२-३५ अशी आघाडी घेतली, आणि तिथेच त्यांनी खेळ संथ केला. तेव्हा शॉट क्लॉक नव्हतं, चेंडू हवा तितका वेळ खेळवता यायचा. स्टेटच्या जिम व्हल्वानो या कोचने मुद्दाम फाउल करायला लावून त्यांना फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेवर उभं करायला सुरुवात केली. ते चुकत गेले आणि स्टेटने बरोबरी गाठली. ५२-५२.

इथे काका पॉज दाबायचे.

थांबलेल्या चित्रावर खालच्या अंगाला एक पांढरी रेघ थरथरत राहायची. काका उठून काचेवर बोट ठेवायचे. “हा बघ. बास्केटखाली उभाय. कोणाचं लक्ष नाही त्याच्याकडे.” ४३ नंबरचा, ब्रुकलिनचा, १९ वर्षांचा लोरेन्झो चार्ल्स.

मग प्ले. व्हिटनबर्ग लांबून, फारच लांबून चेंडू फेकतो. सगळा हॉल मोजत असायचा, “तीन... दोन...” चेंडू रिंगपर्यंत पोचतच नाही. आणि बास्केटखालचा तो पोरगा वर झेपावतो, हवेतच चेंडू धरतो आणि दोन्ही हातांनी आत ठासतो. ५४-५२. वेळ संपली. कोच मैदानभर पळत सुटतो, मिठी मारायला माणूस शोधत. आमची पोरं वर्तमानपत्राचे बोळे घेऊन खुर्च्यांवरून उड्या मारायला लागायची. व्हिटनबर्ग पुढे गमतीने म्हणायचा की तो नेम नव्हताच, पास होता. हे वाक्य सांगताना काका दर वर्षी तितकेच खूश असायचे.

खरं तर लोरेन्झो पुढची दोन वर्षं स्टेटचा मुख्य आधार होता. मग अटलांटा हॉक्स या व्यावसायिक संघाकडून एक मोसम खेळला, नंतर परदेशातल्या संघांकडून. पण लोकांनी त्याला त्या एका उडीतच धरून ठेवलं. आम्हीही.

२०११ चा पाडवा नेमका ४ एप्रिललाच आला. सोमवार होता. मंडळाचे कार्यक्रम एरवी शनिवार-रविवारी, पण त्या वर्षी काकांनी हट्टच धरला. दुसऱ्या दिवशी ऑफिस असूनही हॉल भरला होता.

त्यानंतर बरोब्बर बारा आठवड्यांनी, २७ जूनला, संध्याकाळी काकांचा फोन आला. “लोरेन्झो गेला रे.” एवढंच. घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं, आडनावाशिवाय.

तो बस चालवत होता. भाड्याने देतात त्या मोठ्या प्रवासी बसवर ड्रायव्हर होता तो. रॉलीतच आय-४० महामार्गावर बस रस्ता सोडून झाडांवर गेली. आत प्रवासी कोणी नव्हते, तो एकटाच होता. वय ४७. त्या रस्त्याने मी रोज कामाला जायचो. ज्याला दर वर्षी काचेवर बोट ठेवून दाखवत होतो तो माणूस आमच्याच गावात, आमच्याच रस्त्यावर गाडी हाकत होता, आणि हे मला तो गेल्यावर कळलं. याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा एक सहकारी, इथलाच, बाप-आजापासून स्टेटचा, डब्यासमोर बसून रडत होता. मी शेजारी बसलो. त्याला काय म्हणावं सुचेना, म्हणून काकांची कॅसेट सांगितली. त्याने मला ते दोनदा सांगायला लावलं.

पुढे बरंच काही झालं. २०१६ च्या मे महिन्यात ते जुने खेळाडू व्हाइट हाउसमध्ये जाऊन आले. विजेत्या संघाला मिळते ती, १९८३ साली राहून गेलेली भेट. लोरेन्झो नव्हता, व्हल्वानोही नव्हता, तो तर १९९३ मध्येच कॅन्सरने गेलेला. २०२४ मध्ये स्टेट १९८३ नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत आलं, तेव्हा आमच्या मंडळातली पोरं, जी कधीकाळी बोळे फेकायची, विद्यापीठाला लागून असलेल्या हिल्सबरो स्ट्रीटवर मध्यरात्रीपर्यंत होती. तिथून मला फोन करत होती.

पण माझ्या मनात राहिलाय तो २०१२ चा पाडवा. कॅसेट लावायची की नाही यावर आधी फोनाफोनी झाली होती. काकूंनी काही न बोलता गुढीला लाल खण बांधला. स्टेटचा रंग लाल. जेवणं झाली, खुर्च्या ओढल्या गेल्या. बरोबरी झाली, काकांनी पॉज दाबला, उठले, काचेवर बोट ठेवलं. आणि बोललेच नाहीत. परत येऊन खुर्चीत बसले, रिमोट मांडीवर. पांढरी रेघ थरथरत होती. तो बास्केटखाली उभा होता. काकांना प्ले दाबवेना, आणि त्यांच्या मांडीवरचा रिमोट उचलायचं धाडस आमच्यातल्या कोणालाही होईना. मागे कोणाचं तरी बाळ रडलं, त्याला बाहेर नेलं. किती वेळ गेला कोण जाणे.

काकांच्या त्या व्हीसीआरचं एक होतं. पॉज फार वेळ राहिला की टेप झिजू नये म्हणून तो आपोआप सोडून द्यायचा. खट्ट आवाज झाला. चेंडू हवेत गेला. पुढच्या रांगेतून एका पोरीचा बारीक आवाज आला, “तीन...”

आणि मग सगळ्यांनी मोजलं.