नाथसागराचा ‘बीच’ आणि ट्रॅक्टरवाल्याचे बाराशे

‘मराठवाड्यातला छुपा बीच’ म्हणून पैठणच्या नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, व्हिडिओ सध्या फिरताहेत. ते बघून कुणी सतरंजी आणि लेकरांची खेळणी घेऊन निघणार असेल, तर आधी एवढं वाचा. तिथं वाळू नाही. गाळ आहे. गोदावरीनं काळ्या रानातून वाहून आणलेला आणि १९७६ पासून धरणानं साठवलेला गाळ. आमची गाडी त्यात दाराच्या खालच्या कडेपर्यंत बसली होती.

तरी जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर. संभाजीनगरहून पैठण पन्नास किलोमीटर, आणि तरी आमच्या ओळखीतले निम्मे लोक फक्त नाथांच्या समाधीला आणि पैठणी बघायला तिथं गेलेत. हिवाळ्यात या पाण्यावर जे उतरतं ते बघून माणूस गप्प होतो. फक्त गाडी डांबरावर ठेवायची.

चूक कुठं होते ते नीट सांगतो. जलाशय पसरट आणि उथळ आहे. पावसाळ्याअखेर धरण भरतं, मग कालवे सुटतात आणि पाणी हळूहळू मागं सरकतं. जमीन इतकी सपाट, की फूटभर पाणी उतरलं तरी काठ भलताच लांब जातो. उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. हरभरा, ज्वारी, गहू. त्यांचे ट्रॅक्टर जाऊन जाऊन चाकोऱ्या पडतात. वरून वाळलेल्या, पांढुरक्या, गुळगुळीत. आपल्याला वाटतं, रस्ताच की हा!

बिडकीन, ढोरकीन ओलांडून आम्ही उजव्या हाताच्या एका फाट्यानं आत शिरलो. शेवटच्या वस्तीवर एक पोरगं मोटारसायकलवर बसलेलं. विचारलं तर म्हणालं, “जाऊ द्या काका बिनधास्त, पार पाण्यापत्तुर गाडी जाती.” गेलो. पाणी अजून पाव किलोमीटर लांब असताना पुढचं चाक फिरायला लागलं, मग मागचं, आणि मग गाडी पोटावर टेकली. वरची साल बोटभर वाळलेली, खाली लोणी. दगड घालावा तर आसपास दगड नाही. तुराट्या घातल्या, त्याही गिळल्या. दहा मिनिटांत तेच पोरगं हजर, मागून ट्रॅक्टर. “मामाला सांगतो, ओढून देतील. दोन हजार.” घासाघीस करून बाराशेवर आलं. ओढायला किती वेळ लागला म्हणाल? चहा निवायला लागतो तेवढा. ट्रॅक्टरवर साखळदंड आधीच बांधलेला होता, यावरून काय ते समजा. मामा स्वभावानं मात्र चांगले. गाडी निघाल्यावर हरभऱ्याचे डहाळे हातात दिले आणि म्हणाले, “दर रविवारी एक तरी असतीच.” पोराकडं बघितलं नाही त्यांनी, मीही विषय वाढवला नाही. पण बाराशे रुपये मला अजून टोचताहेत.

तेव्हा जमीन ओळखायची कशी? ढेकळात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या असतील तर साधारण भरवसा धरा, पायी चालण्यापुरता. सपाट, चकचकीत, गडद पट्टा दिसला की थांबा. म्हशींच्या खुरांचे ठसे बघा: खूर खोल गेलेला आणि तळाशी पाणी चमकत असेल तर तिथं तुमचाही पाय पोटरीपर्यंत जाणार. ट्रायपॉड किंवा काठी आधी रोवून बघा. पायी जातानाही चाकोरी सोडून उभ्या पिकातून जाऊ नका. लोक ओरडतात आणि बरोबर ओरडतात.

पायात काय घालायचं यावर आमच्यात भांडणं झाली. गमबूट गाळात अडकतो आणि पाय मोकळा बाहेर येतो. अनवाणी जावं तर शिंपल्यांच्या कडा कापतात, आणि काठावर वेडी बाभूळ माजलेली आहे, तिचा काटा जाड तळव्यातूनही आरपार जातो. टायरमधूनही. मागं पट्टा असलेले घट्ट सँडल, हा एकच उपाय. स्टेपनीत हवा आहे का ते घरीच बघा.

आता पक्षी. सूर्य उगवायच्या आधी काठावर असा. पैठण रस्त्याच्या बाजूनं गेलात तर सकाळचं ऊन पाठीशी राहतं आणि रंग उजळ दिसतात. दहाच्या पुढं वारा सुटतो, लाटा उठतात, दुर्बिणीतलं सगळं थरथरायला लागतं. मग बसण्यात अर्थ नाही. आम्हाला चक्रवाक, थापट्या, शेकाटे, वारकरी (हाही पाणपक्षीच) काठालगतच मिळाले. पट्टकादंबांचा थवा हरभऱ्यावरून आरडाओरडा करत गेला. हे हंस हिमालय ओलांडून येतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र लांब. व्हिडिओत ते अंगावर येतात, प्रत्यक्षात ती क्षितिजावरची एक गुलाबी-पांढरी रेघ असते. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीणही कमी पडते, कुणाकडं स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवरची एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण) असेल तर मागून न्या. आणि त्यांच्याकडं चालत जायचं नाही. पाण्याच्या मोटारीच्या खोपटाआड बसलो तर तास-दीड तासात चरत चरत तेच निम्मं अंतर आत आले. डोकं उलटं घालून चिखल गाळत येणारी ती रांग बघताना बाराशेचा विसर पडला. थोडा वेळ. ड्रोन उडवू नका, अभयारण्य आहे.

ज्या वर्षी धरण काठोकाठ भरतं त्या वर्षी संक्रांतीला जाऊन रोहित शोधू नका. चिखलपट्टी उघडी पडत नाही, त्यांना उभं राहायला उथळ पाणी मिळत नाही. तेव्हा महिनाभर थांबा. निघण्याआधी जायकवाडीचा पाणीसाठा बघा, टक्केवारी रोज पेपरात येते. नाथषष्ठीच्या आठवड्यात मात्र पैठणला पक्ष्यांसाठी जाऊ नये. गाडी लावायला जागा मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी गेवराई, बीड, मांजरसुंबा करत नायगाव मयूर अभयारण्य गाठलं. छान. शांत. मोर भरपूर, पण पावसाळ्यानंतर त्यांचे पिसारे गळतात आणि जानेवारीत अर्धेच वाढलेले असतात. नाच बघायचा तर मृगाच्या सुमारास या. वाटेत एका शेतात हुरडा खाल्ला, त्याबद्दल तक्रार नाही.

तिथून सौताड्याला जाऊन या, असं प्रत्येक यादीत लिहिलेलं असतं. विंचरणा नदीचा धबधबा, खाली घळीत रामेश्वर. जानेवारीत तो धबधबा म्हणजे कातळावरचा ओला डाग आहे. पायऱ्या उतरून देवदर्शन करायचं असेल तर जरूर जा, पाण्यासाठी जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर. रोहित आणि सौताडा एका सहलीत बसवणाऱ्यानं दोन्हीपैकी एक जागा पाहिलेलीच नसते.

गाडीत दोर आणि दोन फळ्या टाका. वस्तीवर मोटारसायकलवर बसलेल्या पोराला विचारण्यापेक्षा शेतात काम करणाऱ्या बाईला विचारा, ती खरं सांगते. आम्ही परतताना एका मावशींनी लांबूनच हात हलवून आत निघालेल्या एका गाडीला अडवायला बघितलं. गाडी थांबली नाही.