तिथी आणि तारीख

25 जानेवारी 2024, गुरुवार
वाई

सकाळी दुधाचा हिशोब लिहायला कॅलेंडरपाशी गेलो तर आजच्या चौकटीत शाकंभरी पौर्णिमा. पौर्णिमा आज आहे हे काल गावातली गर्दी बघून कळलंच होतं, पण 25 आकडा आणि पौर्णिमेचा तो गोल एकाच चौकटीत बघितल्यावर पेन तसंच हातात राहिलं. एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात. कुणाचा एकोणिसावा वाढदिवस असला की आपण हे गंमत म्हणून सांगतो.

एरवी बरं असतं. मागच्या वर्षी पौर्णिमा 6 जानेवारीला होती, त्याआधी 17 ला. बहुतेक वर्षी मांढरदेवीच्या डोंगरावरची काळूबाईची यात्रा आधी होऊन जाते, जादा एसट्या आपापल्या डेपोत परत जातात आणि मग मागाहून कधीतरी 25 तारीख येते. यात्रा देवीची, तारीख 2005 च्या यात्रेत गेलेल्यांची, अशी आम्ही वाईकरांनी न बोलता वाटणी करून घेतली आहे. आज ती मोडली. पहाटेपासून मांढरदेवीच्या घाटाकडे गाड्या चालल्यात, टेम्पोत बायका, "काळूबाईच्या नावानं चांगभलं" खिडकीतून आत येतंय, आणि मी चहा घेऊन नुसता बसलोय.

2005 साली मी बावीस वर्षांचा होतो. स्टँडजवळच्या एका एसटीडी बूथवर कामाला. बूथमध्येच झेरॉक्सचं मशीनही होतं. मंगळवार होता. देवीचा वार आणि पौष पौर्णिमा एकत्र आलेली. गडावर तीन लाखांच्या वर माणूस होता असं मागाहून छापून आलं. साडेचार हजार फुटांच्या वर ते देऊळ, जायची वाट चिंचोळी, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना नारळाची, बांगड्यांची, खेळण्यांची दुकानं खेटून लागलेली.

दुपारी पहिली बातमी आली ती आगीची. गडावर दुकानं पेटली, सिलिंडर फुटले. चेंगराचेंगरी हा शब्द बऱ्याच वेळाने आला. खरा क्रम उलटा होता हे हळूहळू कळत गेलं. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, माणसं घसरून पडली, त्यांच्यावर मागची पडली. मग संतापलेल्या लोकांनी दुकानं पेटवली, सिलिंडर फुटायला लागले आणि त्या भीतीने गर्दी पुन्हा त्याच चिंचोळ्या वाटेत लोटली. मेलेल्यांचा आकडा 291 सांगतात, कुणी तीनशेच्या वर सांगतं. महिनाभर आधी आम्ही सगळे टीव्हीपुढे बसून त्सुनामी बघत होतो आणि बिचारे बिचारे म्हणत होतो.

संध्याकाळी बूथपुढे रांग लागली. मोबाइल तेव्हा फार थोड्यांकडे. मालकांनी सांगून ठेवलं, आज कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत. पण बिलाचं मीटर तर चालायचंच, तांबडे आकडे पळायचेच.

एक बाई आली, कडेवर पोरगं. एका हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, दुसरा हात मोकळा. नंबर विचारला तर म्हणाली, शेजाऱ्यांचा पीपी नंबर आहे. (आजच्या पोरांना पीपी नंबर म्हणजे काय हे सांगावं लागतं. स्वतःच्या घरी फोन नसला की लोक शेजाऱ्याचा नंबर द्यायचे, शेजाऱ्याने जाऊन बोलावून आणायचं.) मी लावून दिला. पलीकडचा माणूस "थांबा, बोलावतो" म्हणून गेला. रिसीव्हर कानाला लावून ती उभी, आणि डोळे मीटरवर. पल्स पडत होते. मधेच मला म्हणाली, "लई बिल व्हतंय का ओ?"

मी म्हटलं, नाही होत. मग टेबल पुसायचं फडकं मीटरवर टाकलं.

नवरा फोनवर आला तेव्हा ती एवढंच बोलली, "पोरगं माझ्याजवळ हाय. आत्याबाई घावंनात." तो पलीकडे काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती नुसती हूं हूं करत राहिली. सासू सापडली का, मला कधीच कळलं नाही.

रात्री झेरॉक्सचं काम निघालं. हाताने लिहिलेल्या याद्या. काही ठिकाणी नुसतं पहिलं नाव, काही ठिकाणी "अनोळखी स्त्री" आणि लुगड्याचा रंग. मशीन तापून कागद अडकत होता. मी तो ओढून काढायचो, शाई ओली असली की नाव पसरायचं, तो कागद बाजूला ठेवून दुसरा काढायचो. आजही कुठे अडकलेला कागद ओढताना माझा हात सावकाश चालतो.

आत्या साडेनऊला घरी आली. हडपसरहून वस्तीतल्या बायकांबरोबर टेम्पोने आली होती. पायात चपला नव्हत्या. आईने विचारलं, चालत आलीस का एवढं? त्यावर ती जे बोलली ते मी तेव्हा बडबड समजलो. "गडावर मी चाललेच न्हाई गं. पाय टेकलंच न्हाईत. मला न्हेत हुते." पुढे कधीतरी वाचलं की एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली गेली की माणूस चालत नाही, गर्दी त्याला पाण्यासारखी नेते. आणि बरेचसे मरतात ते तुडवून नव्हे. उभ्या उभ्या छातीला फुगायला जागा उरत नाही. आत्याने ते सगळं चार शब्दांत सांगून टाकलं होतं.

मला राग येतो तो "अंधश्रद्धेचे बळी" या शब्दांचा. तेव्हाही ऐकले, अजून ऐकतो, तेही शिकलेल्यांकडून. 2017 साली मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 जण चेंगरून गेले. ते कामाला निघालेले. त्यांना कुणी अडाणी म्हटलं नाही, सगळ्यांनी पूल किती रुंद हे विचारलं. मग आमच्या वाटेची रुंदी आधी का नाही विचारायची? चौकशीला न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग नेमला गेला, पुढे पशुबळीवर, वाद्यांवर, झाडांना खिळ्याने बाहुल्या-बिब्बे ठोकण्यावर बंदी आली. त्यातलं बरंच मला पटतं. बळी तर बंदच व्हायला हवा होता. पण खिळा ठोकल्याने चेंगराचेंगरी होत नाही, एवढं तरी वेगळं ठेवावं.

आत्या पुढच्या वर्षी पुन्हा गेली. बाबा चिडले तर म्हणाली, "त्यात देवीचं काय चुकलं?" नंतर गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा थांबली. आता पौर्णिमेला घरीच उंबऱ्यावर नारळ फोडते.

अकराच्या सुमाराला तिला फोन केला. तारीख बोलायची की नाही हे ठरत नव्हतं. तीच म्हणाली, "आज पंचवीस हाय न्हवं?" मी हो म्हटलं. मग तिकडून नारळ आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा.

"थांब बाळा, पाणी सांडलंय. पोरं येत्यात-जात्यात, आधी पुसून घिऊ दे."

फोन तिने खाली ठेवला असावा. मी धरून राहिलो. बादली सरकल्याचा आवाज येत होता.