आचऱ्याच्या टाकीतली सुंगटं

दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. आचऱ्याहून माई. आवाज पडलेला.

"झिला, सुंगटां मेली रे. दोनय."

सुंगटं म्हणजे कोळंबी. आमच्या सिंधुदुर्गात सुंगटं मेली म्हणून कुणी कुणाला फोन करत नाही, मेलेलीच तर बाजारात येतात. पण ही दोन खायची नव्हती. लाल पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा, आणि मासा जवळ आला की त्याच्या अंगावरची घाण टिपून खायची सवय. धंद्यात त्यांना क्लीनर श्रिम्प म्हणतात. मुंबईहून रात्रीच्या बसने, थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून मीच आणली होती. माईने त्यांची नावंही ठेवली होती. ती इथे सांगत नाही, तिच्या दोन नणंदांची होती.

कुडाळात माझं ॲक्वेरियमचं छोटं दुकान आहे. पोट चालतं ते गप्पी, गोल्डफिश आणि दवाखान्यांच्या वेटिंग रूममधल्या टाक्यांवर. खाऱ्या पाण्याची, प्रवाळाची टाकी कुणी मागत नाही, कारण लोकांनी ऐकलेलं असतं की त्याला लाखभर लागतात. माईचा नातू मात्र हट्टाला पेटला. पुण्याची नोकरी, तेव्हा घरून काम चालू होतं. म्हणाला, पंधरा-सोळा हजारांत बसव, कष्ट आपण दोघे करू.

बसवली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची टाकी. हिशेबाने छप्पन्न लिटर, पण दगड-वाळू घातल्यावर पाणी मावतं पंचेचाळीस. स्टँडवर पैसे घालवले नाहीत, पडवीत जांभ्याचे चिरे रचले आणि वर कडाप्पा टाकला. ऐंशी किलोच्या आसपास वजन, चिरा हूं की चूं करत नाही. माईच्या यजमानांना, नानांना, वाटलं, तोच चिरा फोडून टाकीतही घालावा, फुकटचा खडक. पण जांभा म्हणजे लोखंड आणि माती, त्याला खाऱ्या पाण्यात घालून कोण बसणार? आत चुनखडीचे कोरडे, सच्छिद्र खडक गेले. पाणी फिरवत ठेवणारे दोन छोटे पॉवरहेड, एक एलईडी, मागे लटकवायचा फिल्टर, झालं. पाणी थंड करणारा चिलर नाही. चिलरच्या किमतीत अशी अख्खी टाकी होते.

"समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि मीठ विकत कित्याक?" हा नानांचा दुसरा प्रश्न. तो मात्र बरोबर होता. टाकीचं मीठ म्हणजे स्वयंपाकाचं मीठ नव्हे, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं समुद्राच्या मापाने असावं लागतं, लिटरला पस्तीस-छत्तीस ग्रॅम जातं, आणि त्या मिठाची बादली स्वस्त नसते. मग कोरड्या दिवसांत समुद्राचंच पाणी घ्यायचं ठरलं. खाडीच्या तोंडापासून लांब, भरतीच्या वेळी, कपड्यातून गाळून दोन ड्रम भरले आणि पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून दिले. पावसाळ्यात हा उद्योग करायचा नाही. नद्या गढूळ गोडं पाणी आणून ओततात, किनाऱ्याजवळ समुद्राचा खारटपणाच उतरतो. तेव्हा विकतचं मीठ.

प्रवाळ कुठून आणायचा, यावर शेजारचा एक जण उत्साहाने म्हणाला, "मालवणात बुडी मारून आणून देतो." त्याला मी हात जोडले. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि अभयारण्य नसतं तरी सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाच्या पंगतीत. आमच्या टाकीत मऊ जातीचे आले, मशरूम आणि झोअँथिड, दुसऱ्या एका हौशी माणसाच्या टाकीत वाढलेले तुकडे. दिसायला बटणाएवढी फुलं. कमी उजेडात, थोड्याशा हलगर्जीपणातही तगतात, म्हणून गरिबाच्या टाकीला हेच बरे.

जानेवारीत पाणी भरलं, दीड महिना माशांशिवाय नुसतं पाणीच फिरवलं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो एक जातीचे जिवाणू नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही मंडळी खडकात घर करेपर्यंत थांबावंच लागतं. मग आले हॅचरीत पैदा झालेले दोन क्लाऊनफिश, चार शंख, आणि मार्चच्या मध्यावर ही सुंगटं. मार्च संपता संपता नातवाला ऑफिसने पुण्याला बोलावलं. टाकी माईच्या हाती आली.

आणि आता मेअखेर हा फोन.

मासे कसे आहेत, विचारलं. "मासे बरे असत. खातत. पण तुझी ती फुलां मिटान बसलीत."

हे ऐकून मी बाइकवर बसलो. चौके, मालवण, कोळंबचा पूल. वाटेत सगळा वेळ डोक्यात एकच, मासे बरे कसे? पाणी तापलं असतं, रात्री लाइट गेली असती, अमोनिया वाढला असता, तर आधी मासे धापा टाकत पृष्ठभागावर आले असते. इथे मासे खातायत, आणि बिनकण्याचं जेवढं आहे तेवढंच मरतंय.

पडवीत पोचलो तर माईने दोन्ही सुंगटं वाटीत काढून केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवली होती. शंख वाळूत उताणे. हात लावून पाहिले, चारांतले तीन मेलेले, वास सुटलेला. मशरूम आक्रसून सुकल्या बोरासारखे झाले होते. पाणी एकोणतीस अंश. जास्त आहे, पण मे महिन्यात टाकीवर पंखा लावूनही इथे जेमतेम दीड-दोन अंश उतरतात. पुण्याच्या कोरड्या हवेत हाच पंखा चांगलं काम करतो. आमच्याकडे अंगावरचा घाम वाळत नाही, तिथे टाकीचं पाणी काय वाळणार? तरी चोवीस तास पंखा म्हटल्यावर दिवसाला लिटरभर उडतंच. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर पस्तीस. म्हणजे माई रोजच्या रोज खुणेपर्यंत गोडं पाणी घालत होती, एक दिवस चुकली नव्हती. (उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची. हे समजायला माझ्या शहरी गिऱ्हाइकांना महिना लागतो. माईला एकदा सांगितलं होतं. आमटी आटली तर मीठ घालतात का, म्हणाली.)

अमोनिया थोडा होता, पण तो मेलेल्यांचा. मग पेटीतून तांब्याचं टेस्ट किट काढलं. नळीत थेंब टाकले आणि रंगाच्या कार्डाशी धरलं. लिटरला ०.२५ मिलिग्रॅम.

पोटात गोळा आला. कारण तांबं कुठून येतं ते मला चांगलं माहीत. माशांना पांढरे ठिपके पडले की दुकानातल्या वेगळ्या टाकीत मी तांब्याचंच औषध घालतो. साधारण याच प्रमाणात. मासा ते सोसतो, किडा मरतो. आणि सुंगट काय, शंख काय, त्यांचाही त्या औषधापुढे किड्यासारखाच निकाल. तीन आठवड्यांपूर्वी मी इथे येऊन दहा लिटर पाणी बदलून गेलो होतो. बादली माझी, सायफनचा पाइप माझा. तो पाइप मी दुकानात कोणत्या टाकीला लावला होता? आठवेना. माईसमोर कबूल करायचं धैर्यही होईना. नानांना विचारलं, ड्रमातलं पाणी तेच ना, की नंतर भरलं? ते म्हणाले, एक ड्रम एप्रिलमध्ये होडीवाल्या भाच्याने भरून आणला. मी लगेच त्या भाच्यावर उडी घेतली. खरं सांगतो, दुसऱ्यावर ढकलता येतंय म्हटल्यावर बरंच वाटलं. होड्यांच्या बुडाला शेवाळ-कालवं धरू नयेत म्हणून जो तांबूस रंग मारतात, त्यात तांबंच असतं. धक्क्याजवळ, होड्यांच्या गर्दीत पाणी भरलं असेल तर?

ड्रमातलं पाणी तपासलं. शून्य. दुसऱ्या ड्रमाचं, शून्य. विहिरीवर गेलो, कळशीभर पाणी काढून तेही तपासलं. शून्य. राहिला माझा पाइप. पण दहा लिटरच्या एका फेरीत पाइपाला चिकटून आलेलं औषध किती असणार, दोन थेंब? पंचेचाळीस लिटरला ०.२५ करायला ते पुरत नाही. हिशेब माझ्या बाजूने होता, पण मग तांबं आलं कुठून?

पायरीवर बसून राहिलो. नानांनी कोकम सरबत दिलं. अकरा वाजले असतील. माई देवघरातून बाहेर आली, कमरेवर लखलखीत कळशी, चिंच लावून घासलेली. सवयीने टाकीशी गेली, पदर खोचला, आणि कळशी कलती केली.

"माई, थांब!"

इतक्या मोठ्याने ओरडलो की पोफळीत बसलेला कावळा उडाला.

नातू असताना टाकीला विकतचा आरओचा जार यायचा. तो गेल्यावर जार संपला. माईच्या मते जारातलं पाणी म्हणजे "मेलला पाणी", त्यात जीव नाही. मुकी जनावरं, त्यांना चांगलं काहीतरी मिळावं. म्हणून विहिरीचं पाणी रात्री तांब्याच्या कळशीत भरून ठेवायची, सकाळी एक तांब्या देवाला, एक नानांना, आणि उरलेलं टाकीला. एप्रिल, मे, दोन महिने. रोज लिटरभर.

कळशीतलं पाणी तपासलं. कार्डावरच्या ०.५ च्याही पुढे रंग गेला. आमच्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी मऊ, किंचित आंबटाकडे झुकलेलं, ते तांबं चाटतं. चिंचेने घासून वरचा काळा थर काढला की धातू उघडाच. एका तांब्याभर पाण्यात उतरतं ते नगण्य. माणसाचं काही बिघडत नाही. पण टाकीतून वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, तांबं मिठासारखं मागे राहतं. साठ दिवसांत साठ लिटर, म्हणजे टाकीत मावतं त्याहून जास्त कळशीचं पाणी तिच्यात जिरलं होतं. मी मधे बदललेलं दहा लिटर आणि खडकांनी शोषून घेतलं ते, म्हणून आकडा ०.२५ वर थांबला.

माई पायरीवर बसली. "मिया काय वायट घातलंय? माणसाक औषध, आणि सुंगटाक विष?"

काय सांगणार? मी मला येत होतं ते सांगितलं. आपलं रक्त लोखंडावर चालतं म्हणून लाल, सुंगटाचं तांब्यावर चालतं, म्हणून ते निळसर. तांबं त्याला परकं नाही, त्याच्याच रक्तात आहे. पण मोजून. बाहेरून वर आलं की तेच त्याला पेलवत नाही. माईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मिठासारखाच." मग विचारलं, एका सुंगटाला किती पडले होते. आकडा सांगितला, तर नानाच म्हणाले, "तेवढ्यात टोपलीभर येतीत." माईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून आत गेले.

दुपारभर कामच केलं. ड्रमातल्या पाण्याने अर्धी टाकी बदलली, ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकला, तांबं धरून ठेवणारी रेझिनची पिशवी मुंबईला फोन करून मागवली. वाळू फेकली. खडकांचा विचार करत बसलो, कारण दीड महिना थांबून त्यांच्यात जिवाणू वसवले होते. पण चुनखडी तांबं धरते आणि पुढे महिनोन् महिने थोडं थोडं सोडत राहते. निम्मे काढून टाकले, त्यांच्या जागी दुकानातल्या टाकीतले मुरलेले खडक पुढच्या फेरीला आणून ठेवले, मग उरलेले निम्मे काढले. ते अजून माईच्या परसात पोफळीच्या बुंध्याशी पडलेत. मशरूममधले दोन वाचले, झोअँथिडची एक जुडी गेली.

निघताना माईने रिवाजाप्रमाणे गूळ आणि पाणी आणलं. पाणी अर्थात त्याच कळशीतलं. मी घटाघटा प्यालो. थंड होतं.

दुकानात आल्यावर पहिलं काम काय केलं, तर सायफनचे दोन पाइप आणले, एकाला लाल चिकटपट्टी, एकाला निळी. लाल औषधाच्या टाकीचा. माझा गुन्हा निघाला नाही, तरी तो पाइप कुठे लावला होता ते मला आजही आठवत नाही.

माईसाठी लोणच्याची प्लास्टिकची बरणी ठरली. नातवाने पुण्याहून जार लावून दिला, बरणीवर लिटरची खूण माईने स्वतः कुंकवाने केली. तीन आठवडे दर चार दिवसांनी मी किंवा नाना पाणी तपासत होतो. ०.२५ चं फिकट होत होत शून्य झालं, परत किंचित वर आलं, परत शून्य. पाऊस धरला होता, समुद्र बंद, म्हणून बादलीचं मीठ फोडावं लागलं. मग एकच शंख नेऊन सोडला. शंख तांब्याला सगळ्यात आधी भितो. पाणी बरं नसेल तर मिटून वाळूत पडून राहतो. संध्याकाळी सोडला, तो पडूनच. रात्री पावसाच्या आवाजात झोप लागली नाही.

सकाळी सहाला फोन.

"काचेर चढलो रे," माई म्हणाली. "पार वर गेलो. आता आणतस काय ती सुंगटां?"