साठ जोड बूट

झांबियात, लुसाकाला येऊन चार वर्षं झाली, पण एवढी चिडचिड कधी झाली नव्हती म्हणून लिहायला बसले. कारण बूट. काळे, शाळेचे, साठ जोड.

आमची इथे बारा जणींची भिशी आहे, चार मराठी आणि बाकी गुजराती. दिवाळीला ठरलं की यंदा आपापसात गिफ्टं नकोत, एखाद्या कम्युनिटी स्कूलला, म्हणजे वस्तीतल्या लोकांनीच चालवलेल्या शाळेला, काहीतरी देऊ, आणि काय द्यायचं यावर दोन तास काथ्याकूट होऊन बूट ठरले कारण पोरं अनवाणी असतात हे सगळ्यांनी गाडीच्या काचेतून बघितलेलं. कामवाला नावाच्या इथल्या बाजारात घासाघीस करून, साइझ अंदाजाने घेऊन (दोन पोरांची आई आहे, अंदाज येतो) मी आणि माझी मैत्रीण कंपाउंडात गेलो. इथे कंपाउंड म्हणजे भिंत नव्हे, वस्ती. झोपडपट्टीच म्हणा.

शाळा म्हणजे चर्चचा हॉल आणि मागे दोन खोल्या. भिंतीला काळा रंग मारलेला, तोच फळा. शुक्रवारी बाकं उचलून ठेवायची कारण रविवारी तिथे प्रार्थना. हेडमिस्ट्रेस मॅडमनी बूट बघितले, एक जोड हातात घेऊन तळवा वाकवून बघितला आणि विचारलं, किती आहेत? साठ. त्यांची पोरं एकशे चाळीस. मग म्हणाल्या, परत करता येतील का?

मी म्हटलं उरलेले पुढच्या वर्षी देऊ, आत्ता ज्यांना जास्त गरज आहे त्यांना द्या. तर त्यांनी हजेरीचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. नाव, इयत्ता आणि पुढच्या रकान्यात काहींना एस, काहींना डी. सिंगल ऑर्फन, म्हणजे आईबापांतलं एक गेलेलं, आणि डबल ऑर्फन, दोघंही गेलेले. सांगा कुणाला देऊ, म्हणाल्या. मी आपली बोट फिरवत डी मोजायला लागले, आणि रिकामे रकाने कुणाचे म्हणून विचारलं. त्यांचे दोघं आहेत, म्हणाल्या, पण आहेत असं म्हणायचं.

तेव्हा मला काहीच बोलता आलं नाही, पण गाडीत बसल्यावर जो संताप आला! अहो आम्ही स्वतःच्या पैशाने आणलेत, कुणी मागितले नव्हते मान्य, पण घ्यायचे आणि निदान फोटो तरी काढू द्यायचा भिशीच्या ग्रुपवर टाकायला. तोही नाही. मुलांचे फोटो नाहीत, म्हणाल्या, बुटांचा काढा हवं तर.

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. आई पाटण तालुक्यात झेडपीच्या शाळेत मास्तरीण होती, तिला म्हटलं ऐक यांचं. ती बूट सोडून बाकीच विचारत बसली. पगार कोण देतं? म्हटलं दोन शिक्षक सरकारने पाठवलेत, बाकीच्या वस्तीतल्याच बाया, कधी पैसे, कधी मक्याच्या पिठाचं पोतं. आई म्हणाली, अगं आपल्या वस्तीशाळाच या, महिना हजार रुपयांवर शिकवायचे तेव्हा.

तसं बघितलं तर आहे, आणि नाहीही. नव्वदच्या दशकात, हा देश ज्यावर चालतो त्या तांब्याचे भाव पडलेले, सरकारने खर्चाला कात्री लावलेली, शाळेला फी, आणि वर एड्स. मोठ्या माणसांत शंभरातल्या पंधराएक जणांना लागण झालेली, पोरं सगळी आज्यांच्या गळ्यात. मिसिसी कंपाउंडमधे 1992 ला अशी शाळा निघाली आणि मग ठिकठिकाणी चर्चवाल्यांनी, बायकांनी काढल्या. शिकवणाऱ्याला ट्रेनिंग नाही म्हणून सरकारी रेडिओवर धडे लागायचे आणि बाई रेडिओ सांगेल तसा वर्ग चालवायची. 2002 ला प्राथमिक शिक्षण फुकट झालं, 2022 ला बारावीपर्यंत. मग आता या शाळा कशाला, हे मी मॅडमना विचारलं होतंच. फी गेली हो, म्हणाल्या, युनिफॉर्म कुठे गेला? बूट कुठे गेले? सरकारी शाळेच्या गेटावरून बुटांपायी परत आलेली पोरं इथे येतात आणि तुम्ही इथेच बूट आणलेत. उद्या ज्याला मिळाले नाहीत तो घरी बसेल.

हे पटलं नाही असं नाही. पण आपल्याकडे गणवेश फुकट मिळतो, खिचडी मिळते, तरी आम्हाला कुणी असं ऐकवत नाही, हेही खरं. (यावर आई म्हणाली, ऊसतोडीच्या पोरांना विचार. मी विषय बदलला.)

तर शेवटी बूट परत. पत्रे हवे होते त्यांना, मागच्या खोलीवर, कारण पावसाळ्यात वर्ग बुडतो आणि 2024 ला कॉलऱ्यामुळे सगळ्या देशाच्याच शाळा जानेवारीऐवजी फेब्रुवारीत उघडल्या तेव्हापासून साचलेल्या पाण्याची धास्ती बसलीय. दुकानदार आपलाच माणूस, केम छो करून गोड बोलला आणि दहा टक्के कापून घेतले. ग्रुपवर एकीने लिहिलं, आधी विचारून घ्यायचं होतंस. मी! बाराजणींनी मिळून ठरवलेलं!

पत्रे लागले. परवा बघायला गेले तेव्हा नेमका धो धो पाऊस, पत्र्यावर असा आवाज की शिकवणं बंद, पण सगळे कोरडे. मॅडमनी भिंतीवर गणितं लिहिली आणि पोरं खाली मान घालून सोडवत होती. मला कुणी बसायला स्टूल दिलं, त्यावर बसून राहिले.

तीन जोड मात्र दुकानदाराने घेतले नाहीत, खोकी फाटली म्हणून. ते अजून गाडीच्या डिकीत आहेत. आई विचारत होती साइझ काय आहे.